घरात फोटो काढण्यासारखं काहीच दिसत नव्हतं. हा उपाय लागू पडला

लक्षण: कॅमेरा हातात, पण तीच खोली, तोच जिना, क्लिक करावंसं काही दिसेना. नवी लेन्स, फिल्टर, इतरांचे फोटो चाळणं, सगळं करून झालं. वैताग तेवढा वाढला.

जमलं ते असं. आधी दिवे बंद. उजेड एकाच खिडकीतून, सकाळचा तिरपा. 50 मिमी लेन्स, बाकीच्या बॅगेतच. फाइल रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली माहिती), पिक्चर मोड मोनोक्रोम: स्क्रीनवर कृष्णधवल दिसतं, रॉमध्ये रंग शाबूत राहतात. मग एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायची सेटिंग) उणे 1, नाहीतर कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर काळोख करडा करून टाकतो. आता वस्तूंकडे दुर्लक्ष करून सावलीची कड शोधायची, आणि लेन्स फोकस धरेल तितकं जवळ जायचं. मला सापडला स्टीलच्या पेल्याचा काठ: उजेडाची बारीक रेघ, मागे भिंत पार काळी. ढगाळ दिवशी मात्र सावल्या पुसट होतात, तेव्हा हे चालत नाही.