बी.एस.डब्ल्यू. करताय? मग फील्डवर्कचे दिवस नीट वापरा

नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याकडे आमच्या संस्थेत दरवर्षी बी.एस.डब्ल्यू.ची, म्हणजे समाजकार्याच्या पदवीची, मुलं-मुली फील्डवर्कला येतात. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारतंच, "मॅडम, सर्टिफिकेट कधी मिळेल?" मिळेल रे बाबा. पण नोकरीच्या मुलाखतीला मी समोर बसते तेव्हा सर्टिफिकेटांची फाइल उघडतसुद्धा नाही. रोजचा रिपोर्ट मागते.

बहुतेकांच्या रिपोर्टात एकच वाक्य असतं: 'पाड्यावर भेट देऊन महिलांना आरोग्याचे महत्त्व पटवून दिले.' यातून काय कळलं? त्याऐवजी असं लिहा: 'अंगणवाडीचा वजनकाटा बंद. सेविकेने पर्यवेक्षिकेला कळवले आहे. दंडाचा घेर मोजायच्या पट्टीने मुलांची मापे घेतली. दोन वर्षांच्या एका मुलीचे माप 11.5 सेंटिमीटरच्या खाली भरले, म्हणजे तीव्र कुपोषण. आई-बाप ऊसतोडीला गुजरातेत, मूल आजीकडे. गुरुवारी आजीसोबत ग्रामीण रुग्णालयात जाणार.' पुढच्या गुरुवारी काय झालं, तेही लिहा. आजी आली नाही तर का आली नाही, हे तर जास्तच महत्त्वाचं. मुलांची नावं मात्र रिपोर्टात घालू नका. आणि कॉन्फरन्सला, म्हणजे फील्डवर्कवर सरांशी होणाऱ्या चर्चेला, फक्त सही घ्यायला जाऊ नका, अडलेली केस घेऊन जा.

दुसरं, तीन वर्षांत एक तरी सरकारी यंत्रणा आतून ओळखा. बालसंरक्षण घ्या, वनहक्क घ्या, नाहीतर रोजगार हमी. सापडलेलं मूल चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं असतं, प्रवासाचा वेळ सोडून. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन केला की पुढे काय हलतं? 2006 च्या वनहक्क कायद्याखालचा दावा ग्रामसभेची वनहक्क समिती, उपविभागीय समिती, जिल्हा समिती असा वर जातो. तो कुठे अडकतो? हे ज्याला सांगता येतं, त्याला संस्था आपणहून फोन करतात.

भाषेचं म्हणाल तर जळगाव-धुळ्यात अहिराणीवर निभावतं. धडगावात पावरी लागते, नवापुरात मावची. मोडकीतोडकी चालेल. बोलायला लागलात की बायका हसतात, दुरुस्त करतात आणि मग बसायला सांगतात. दिवाळीनंतर सातपुड्यातले कितीतरी पाडे ओस पडतात, होळीला माणसं परततात. सर्व्हेच्या तारखा त्या हिशोबाने ठरवा, कॉलेजच्या कॅलेंडरवरून नको.

कॉलेजबाहेरही बघा. साक्री तालुक्यातलं बारीपाडा जवळच आहे. चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली ती तिथल्या जंगलाच्या कामासाठी. अभ्यास सहलीला तिथे जाऊन फोटो काढून परतू नका. जंगल राखायचे नियम गावाने कसे ठरवले आणि मोडणाऱ्याचं काय करतात, ते विचारा. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेचा 'निर्माण' उपक्रम 2006 पासून तरुणांसाठी शिबिरं घेतो, त्याचा अर्ज जरूर भरा. एन.एस.एस.चं सात दिवसांचं शिबिरही चांगलं, जेवणाच्या रांगेपुरतं ठेवलं नाही तर. पैसे भरून दोन तासांत ई-सर्टिफिकेट देणारे वेबिनार सोडा.

पदवीनंतर लगेच पगार हवा असेल तर 'एस.बी.आय. यूथ फॉर इंडिया' ही तेरा महिन्यांची फेलोशिप आहे, खेड्यात राहून काम करायचं असतं. एम.एस.डब्ल्यू., म्हणजे पुढची पदव्युत्तर पदवी, आपल्या विद्यापीठातूनही होते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत जायचं असेल तर सी.यू.ई.टी.-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती मार्चच्या आसपास असते आणि अर्ज हिवाळ्यातच निघतात, त्यामुळे शेवटच्या सेमिस्टरची वाट बघत बसू नका. इंग्रजीची भीती असेल तर रोज स्वतःच्याच रिपोर्टातल्या चार ओळी इंग्रजीत लिहा.

आणि संस्था सोडताना 'उत्तम विद्यार्थी, वर्तणूक चांगली' असलं छापील पत्र घेऊ नका. कोणत्या गावात, कोणत्या महिन्यांत, कोणतं काम तुम्ही एकट्याने केलं ते लिहून मागा. मसुदा स्वतःच करून न्या. आम्हाला वेळ नसतो, खरं सांगते, आणि तयार मसुद्यावर सही लवकर होते.