तेराच्या पाढ्यात वीस सेकंद

आमचा व्यायामाचा क्लास लातुरात औसा रोडला एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरतो. पहाटे पावणेसहा ते साडेसहा. भिंतीवर थर्माकोलचं 'शुभविवाह', कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या खुर्च्या आणि स्टेजवर नवरा-नवरीचा लाल मखमली सोफा. दाट तिथी असली की आम्हाला खाली पार्किंगमध्ये हाकलतात. तिथं आचाऱ्याच्या फोडणीचा वास घेत स्क्वॉट, म्हणजे उठबशा, मारायच्या. मी ४६ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवते, या क्लासला दोन वर्षं झाली. सर माझ्या भाच्याच्या वयाचे. सुरुवातीला "काकू, थांबलालाव का? पळा की!" म्हणून ओरडायचे. आता 'मॅडम' म्हणतात.

तिसऱ्याच दिवशी मी त्या लाल सोफ्यावर जाऊन बसले होते. आदल्या दिवशी मंगळवारचा उपास, रात्री नुसतं दूध-केळ, सकाळी कोरा चहा. सरांनी टाबाटा, म्हणजे थोडा वेळ जोर, थोडा विसावा अशा फेऱ्या, लावला आणि शेजारच्या कॉलेजच्या पोरीच्या बरोबरीनं मी उड्या मारत सुटले. सहाव्या फेरीला कानात शिट्टी वाजली, डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि दोघींनी धरून मला बसवलं ते नेमकं नवरीच्या जागेवर. घामानं चिंब, पाय पसरलेले, समोर पंचवीस बाया. कुणीतरी म्हणालं, "अक्षदा आणा गं!" खरं तर दम चौथ्या फेरीलाच संपला होता. पुढच्या दोन फेऱ्या मी लाजेखातर मारल्या. दोन वर्षांत बघितलंय, क्लास सोडून गेलेल्या बहुतेक जणी अशाच लाजेनं गेल्या. म्हणून क्लासमध्ये टिकायचं कसं, हे पुढं सांगते त्यात निम्मं दमाचं आहे, निम्मं लाजेचं.

आदल्या रात्री आठच्या आत जेवा. साडेनऊला पिठलं-भाकरी हाणून पहाटे उड्या मारल्या की पिठलं घशाशी येतं. सव्वापाचला अर्धं केळ नाही तर दोन खजूर, वर थोडं पाणी, बास. उपासाच्या दुसऱ्या दिवशी यायचंच असेल तर अर्ध्या जोरानं करा. शुगरची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी येऊच नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. बीपी असेल, हृदयाचं काही असेल किंवा चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदाच असल्या उड्या मारणार असाल, तर आधी डॉक्टरांना विचारून या.

पाण्याचं म्हणाल तर मी लातूरची बाई. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात घागरींच्या रांगेत उभी राहिलेली. बाटली तोंडाला लावून गटागटा पिणारी दिसली की माझा जीव तसाही वरखाली होतो. पण क्लासमध्ये कारण वेगळं आहे. पोटात पाणी डुचमळतं आणि बरगडीखाली चमक निघते. दोन-दोन घोट घ्या. पाऊण तासाला साधं पाणी पुरतं, रंगीत पावडरी लागत नाहीत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा हॉल पहाटेसुद्धा तापलेलाच असतो. त्या दिवसांत घरी आल्यावर मीठ घातलेलं ताक प्यायचं.

उभं कुठं राहायचं हे फार महत्त्वाचं. पहिल्या रांगेत सरांची नजर, त्यामुळं आपण नको तेवढं करतो. शेवटच्या रांगेत कूलर आणि गप्पा. मी दुसऱ्या रांगेत खांबाजवळ उभी राहते. तोल गेला तर खांबाला हात लावता येतो, आणि बाजूला तहसीलमधल्या वहिनी असतात. त्या माझ्याच वयाच्या, माझ्यापेक्षा थोड्या बऱ्या. शेजारीण अशीच निवडा, कॉलेजची पोरगी नको.

आता वेग. माझे सासरे कोजागिरीला तुळजापूरला पायी जायचे. वाटेत औसा लागतं, लातूरहून वीसेक किलोमीटर. पहिल्यांदा जाणारी पोरं तिथवर पळतच जायची आणि मग पायाला फोड. सासरे म्हणायचे, "औशापर्यंत पळणारा तुळजापूरला टेंपोतनंच पोचतो." क्लासची पहिली दहा मिनिटं म्हणजे औसा. सर कितीही टाळ्या वाजवू देत, तेवढा वेळ निम्म्याच जोरानं करायचं. गाण्याचाही तोच डाव असतो. हलगी कडाडायला लागली की पाय आपोआप तिच्यामागं धावतात. मी दोन ठोक्यांना एक पाऊल टाकते. ताल चुकत नाही आणि निम्मं काम वाचतं.

खरी परीक्षा टाबाटाची. वीस सेकंद जोर, दहा सेकंद विसावा, अशा आठ फेऱ्या, मिळून चार मिनिटं. इझुमी टाबाटा या जपानी संशोधकावरून हे नाव पडलं. १९९६ मध्ये छापून आलेला त्यांचा अभ्यास सायकलवर बसवलेल्या तरण्या, व्यायामाची सवय असलेल्या मुलांवर केलेला होता. सात-आठ फेऱ्यांत ती मुलं पार गळून जावीत एवढा जोर त्यात लावायचा होता. आमचे सर एका सकाळी असे चार टाबाटा लावतात. शाळामास्तरणीचा हिशोब सांगते: पहिल्याच टाबाटात खरोखर गळून गेलं तर उरलेले तीन कोण करणार? म्हणजे क्लासमधला टाबाटा हा नावाचाच टाबाटा, आणि त्यात हात राखून करणं ही चोरी नव्हे. पहिल्या दोन फेऱ्या सैल, मधल्या चार बेताच्या, शेवटच्या दोनमध्ये काय उरलंय ते ओता.

ते वीस सेकंद मात्र संपता संपत नाहीत. घड्याळाकडं बघितलं तर ते आणखी हळू चालतं. मी पाढा म्हणते, मनातल्या मनात, तेराचा. तेरा, सव्वीस, एकोणचाळीस, बावन्न, पासष्ट, अठ्ठ्याहत्तर, एक्क्याण्णव, चारोदरसे, सतरोदरसे, तिसासे. मोबाईल लावून मोजलंय, दर आकड्याला एक उठबस धरली तर माझा तिसासे येईतो सरांची शिट्टी वाजते. दोनचा पाढा घेऊ नका, तो जिभेवर इतका बसलाय की मन मोकळं राहतं आणि मोकळं मन लगेच 'बास कर' म्हणतं. तेराला अठ्ठ्याहत्तरपाशी जरा अडखळायला होतं, तिथंच दोन-तीन उठबशा नकळत निघून जातात.

पाढ्याचा दुसराही उपयोग आहे. विसाव्याच्या दहा सेकंदांत 'एकोणचाळीस' हा शब्द तोंडानं म्हणून बघा. एका दमात निघाला तर पुढची फेरी घ्या. 'एकोण' म्हणून श्वास घ्यावा लागला तर पुढची फेरी जागच्या जागी चालत काढा. बोलता येतं का, यावरून जोर ओळखायची ही युक्ती जगभर वापरतात. पाढ्याची जोड तेवढी माझी.

श्वासाचं एवढंच: जोर लावताना सोडायचा. माझी आजी उखळात मुसळ घालताना दर घावाला 'हुं' करायची. ते हुं म्हणजेच श्वास सोडणं. खाली बसताना घ्या, उठताना हुं करा. दात-ओठ खाऊन श्वास कोंडला की बीपी चढतं आणि सोडल्यावर गरगरतं. विसाव्यात खाली बसू नका, डोक्यावर हातही नकोत. किंचित वाकून हात गुडघ्यावर ठेवा आणि श्वास लांबवत सोडा.

आता लाजेचं. सर बर्पी म्हणाले की हॉलभर 'अगं बाई' होतं. उभं राहायचं, खाली बसून हात टेकायचे, पाय मागं फेकायचे, छाती जमिनीला, परत पाय आत, वर उडी. मी हे सगळं करत नाही. हात जमिनीऐवजी खुर्चीच्या बैठकीवर टेकते, एक-एक पाय मागं नेते, एक-एक आणते, सरळ उभी राहते. उडी नाही, छाती टेकवणं नाही. वर्षभर मला वाटायचं की ही गरिबाची बर्पी. मग वाचलं, की रॉयल बर्पी नावाच्या अमेरिकन माणसानं १९३० च्या दशकात हा प्रकार काढला तो तब्येतीची चाचणी म्हणून, आणि त्याच्या मूळ प्रकारात ना छाती टेकवायची होती ना वर उडी. पुढच्यांनी ती भर घातली. म्हणजे मूळ पुरुषाच्या जास्त जवळची बर्पी माझीच! हे सरांना सांगितलं त्या दिवसापासून मी मॅडम झाले.

बाकीचेही असेच उतरवून घ्या. जंपिंग जॅकला, म्हणजे उडी मारत हातपाय फाकवायच्या प्रकाराला, उडी न मारता एकेक पाय बाजूला. स्क्वॉटला मागं खुर्ची, बूड टेकलं न टेकलं की उठायचं. प्लँकला, म्हणजे पालथं होऊन हातापायांवर अंग ताठ धरायला, गुडघे टेकवा किंवा भिंतीला हात लावून तिरकं उभं राहा. खुर्ची मात्र भिंतीला टेकवलेली पाहिजे, प्लास्टिकची खुर्ची फरशीवर सरकते. सतरंजीही सरकते. चपलेवर तर कुणी येऊच नये, कॅनव्हासचे बूट पुरतात.

आणि एक गोष्ट जी बायका आपसातही बोलत नाहीत. बाळंतपणं झालेल्या पुष्कळ जणींना उडी मारली की थेंब-थेंब लघवी होते. मलाही होतं. त्यापायी आमच्यातल्या एकीनं क्लासच्या आधी पाणी प्यायचंच सोडलं आणि उन्हाळ्यात चक्कर येऊन पडली. पाणी सोडू नका, उड्या सोडा. ओटीपोटाच्या खालचे स्नायू आवळून धरायचे व्यायाम असतात, फिजिओथेरपिस्ट किंवा बायकांच्या डॉक्टर ते शिकवतात. मी आता एसटीत बसल्या-बसल्या करते, शेजारच्याला कळतही नाही.

छातीत दाब, दुखणं हाताकडं किंवा जबड्याकडं जाणं, गार घाम, डोळ्यांपुढं अंधार, विसावा घेऊनही न उतरणारी धाप: यातलं काही झालं की फेरी कितवी आहे ते बघू नका. थांबा, शेजारणीला सांगा, आणि छातीचं असेल तर दवाखाना गाठा, घरी जाऊन सोडा पीत बसू नका.

शेवटची शिट्टी झाली की धपकन बसायचा मोह होतो. पाच मिनिटं हॉलमध्ये फिरा. एकदम थांबलं की रक्त पायांतच साचून राहतं आणि गरगरतं. माझा सोफा आठवा. मग पोटऱ्या आणि मांड्या ताणा. पंख्याखाली नका उभ्या राहू म्हणतात, मी राहते.

दुसऱ्या दिवशी अंग आंबतं. आपल्या भाषेतल्या या शब्दामुळं आणि जिमवाल्या पोरांमुळं सगळ्यांना वाटतं की आत आम्ल साचलंय. ते लॅक्टिक आम्लाचं प्रकरण तासाभरात निस्तरतं. दुखतं ते सवय नसलेल्या कामानं स्नायूंना झालेल्या बारीक इजांमुळं, आणि ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं. पडून राहिलं तर अंग आणखी आखडतं, हळूहळू चालत राहा. लघवी चहासारखी काळपट झाली किंवा दुखणं आठवडाभर हटेना, तर डॉक्टर.

स्क्वॉटमध्ये स्नायू ताणला जातो तो खाली बसताना, म्हणून मांड्या बोंबलतात त्याही उतरतानाच. मी एसटीत चढते झोकात, गावात उतरताना रडकुंडीला येते. वर्गातली पोरं फाट्यावर उभी असतात आणि विचारतात, "बाई, काय झालं?" दांडा दोन्ही हातांनी धरा, तोंड दांड्याकडं करा आणि एकेक पायरी आडवं उतरा. कंडक्टर घाई करतो, करू दे.