बारा बोरचा चोक निवडताना या चुका टाळा

ट्रॅप, म्हणजे हवेत उडणारी चकती (क्ले) छर्ऱ्यांनी फोडायचा नेमबाजीचा खेळ, शिकायला आलेला पोरगा पहिल्याच आठवड्यात विचारतो, "सर, चोक कुठला लावू?" चोक म्हणजे बॅरलच्या तोंडाशी बसवायची छोटी नळी, छर्रे किती पसरायचे ते ती ठरवते. मी विचारतो, काडतूस कुठलं वापरतोस आणि कागदावर मारून बघितलंस का? काडतुसाचं नाव सांगतात, कागदावर मात्र कुणीच मारलेलं नसतं.

चोकवर फुल, म्हणजे घट्ट, लिहिलंय म्हणून तुमच्या बंदुकीतून फुलचाच पॅटर्न, म्हणजे कागदावरचा छर्ऱ्यांचा फैलाव, पडेल असं नसतं. हिशोब असा की 40 यार्डांवर 30 इंची वर्तुळात फुलने 70 टक्के छर्रे पडावेत, त्याहून सैल मॉडिफाइडने 60, आणखी सैल इम्प्रूव्ह्ड सिलिंडरने 50. पण शिसं मऊ असलं की छर्रे चपटे होऊन बाजूला पळतात, कडक असलं की एकत्र राहतात, म्हणजे चोक तोच आणि काडतुसाचा डबा बदलला तरी पॅटर्न बदलतो.

एक पोरगा होता, हात चांगला, स्विंग चांगला, आणि स्पर्धेच्या दोन आठवडे आधी अचानक क्ले सुटायला लागले. बरं, साफ चुकतही नव्हते, क्लेवरून नुसती धूळ उडायची आणि क्ले तसाच पुढे जायचा, आणि नियमाप्रमाणे डोळ्यांना दिसेल असा एक तरी तुकडा पडल्याशिवाय हिट धरत नाहीत. घरच्यांनी त्याच्यासाठी नवीन गॉगल घेतला, मग स्टॉक (बंदुकीचा दस्ता) बदलायची भाषा सुरू झाली. मी बंदूक उघडून चोक काढून बघितला तर काठावर पाच खाचा. त्याला वाटलेलं जास्त खाचा म्हणजे जास्त घट्ट. उलटं असतं रे बाबा, एक खाच म्हणजे फुल आणि पाच म्हणजे सिलिंडर, सगळ्यात सैल! 24 ग्रॅमच्या काडतुसात छर्रे असतात तीनेकशे, ते सिलिंडरमधून तीस-पस्तीस मीटरवर एवढे विरळ होतात की क्लेला दोनच लागतात. कागद लावून एक शॉट मारला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं, पण घाई. त्या दिवशी त्याचा उतरलेला चेहरा बघून मला फार वाईट वाटलं, कारण चूक हाताची नव्हतीच.

माझी सवय सांगतो. नवीन डबा आला की प्रत्येक चोकने तीन-तीन कागद मारायचे, जिथे छर्रे जास्त तिथे मध्य धरून वर्तुळ काढायचं आणि मोजायचं. कंटाळवाणं आहे, मान्य. मोबाईलवर फोटो बघून अंदाज लावणं मला अजिबात पटत नाही.

स्कीटला, म्हणजे क्ले फोडायच्याच दुसऱ्या प्रकाराला, फुल लावू नका, तिथे क्ले वीसेक मीटरवर असतो.

स्टील शॉट, म्हणजे शिशाऐवजी पोलादाचे छर्रे, असेल तर मॉडिफाइडपेक्षा घट्ट चोक नको, स्टील दबत नाही, चोक फुगतो नाहीतर बॅरलला मार बसतो. जुन्या दुनळीत, जिथे चोक बॅरलमध्येच कोरलेला असतो, तिथे स्टील घालूच नका. एकच गोळी असलेलं स्लगचं काडतूस असेल तर सिलिंडर किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडरच.

आणि चोक ढिला ठेवणं. हे बघितलं की माझं डोकं फिरतं. शॉट मारता मारता चोक हळूहळू सुटतो, मग पुढचे छर्रे त्याच्या मागच्या कडेवर आपटतात आणि आटे जातात, चोक नाही, अख्खी बॅरल बदलायची पाळी. चोक न लावता मारलं तरी आटे खराब होतातच. मी दर 25 शॉटच्या राऊंडनंतर बंदूक उघडतो, दोन्ही चेंबर रिकामे बघतो आणि मग चावीने तपासतो, हाताने नाही. घरी गेल्यावर चोक काढून आटे पुसायचे, ग्रीसचा पातळ हात फिरवायचा. पावसाळ्यात हे चुकवलंत तर चोक असा जाम होतो की चावी वाकते पण चोक हलत नाही.