आई-वडिलांसाठी परसात खोली बांधताना

म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी घरामागे १२ × १४ फुटांची खोली, लगत ६ × ८ फुटांचं न्हाणीघर-संडास आणि चहापुरता ओटा पुरतो. महापालिका-नगरपालिका हद्दीत आधी बांधकाम परवानगी घ्या. जागा सातबाऱ्यावर असेल तर तलाठ्याला विचारल्याशिवाय खड्डा मारू नका.

खान्देशात खोली बिघडते ती काळ्या मातीने. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. दोन-अडीच फुटांवर पाया थांबवला की भिंती तडकतात आणि दारं अडकायला लागतात. मुरूम लागेपर्यंत खोदा. तो फारच खोल असेल तर इंजिनिअरला विचारा, गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका. फरशीखालचीही काळी माती काढून मुरूम भरा, सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून, ठोकून दाबत. नवी भिंत जुन्या घराच्या भिंतीत गुंफू नका. दोन्हींचे पाये वेगवेगळे खचतात, म्हणून मध्ये इंचभर फट ठेवून थर्माकोल भरा आणि वरून सीलंट मारा. भोवती तीन फुटांची पक्की फरशी बाहेरच्या उताराने करा. कूलरचं, मोरीचं पाणी पायाशी मुरलं तर वरची सगळी मेहनत वाया जाते.

दुसरा शत्रू ऊन. भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा नुसत्या पत्र्याखाली म्हातारं माणूस ठेवणं धोक्याचं. पैसे कमी असतील तर खोली लहान करा, पण स्लॅबच टाका आणि त्यावर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी करा. न्हाणीघर पश्चिमेला घ्या, म्हणजे दुपारचं ऊन त्याच्या भिंतीवर जाईल. कूलरच्या समोरची खिडकी थोडी उघडी राहिली पाहिजे. बंद खोलीत कूलर नुसती दमट हवा फिरवतो.

जोत्याची उंची मुख्य घराइतकीच ठेवून दोन्हींच्या दारापुढचे ओटे जोडले तर सर्वांत बरं. अंगणातून चढ करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. सहा फुटांत उरकलेल्या चढावर चाकाची खुर्ची ढकलताना दम लागतो, उतरताना ती हातातून सुटते.

दारं पूर्ण उघडल्यावर तीन फूट मोकळी मिळावीत. न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं आणि कडी बाहेरूनही काढता येणारी हवी. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. उंबरा नको. त्यासाठी तिथला काँक्रीटचा थर सुरुवातीलाच दोन-तीन इंच खाली घ्या, नंतर उतार काढायला जागा उरत नाही. फरशी खरखरीत, कमोडची बैठक जमिनीपासून १८ इंच. आधाराचे स्टीलचे दांडे ३० ते ३३ इंचांवर, पक्क्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत बोल्टने. हलक्या ब्लॉकच्या भिंतीतला साधा स्क्रू वजन आलं की उपटून येतो, म्हणून दांड्याच्या जागी आधीच काँक्रीट भरून ठेवा.

गिझर असो वा कूलर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह लगेच तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग टाळू नका. घंटीचं बटण खाटेशी एक आणि कमोडशी एक, दुसरं जमिनीपासून फूटभर उंचीवर, म्हणजे पडलेल्या माणसाचाही हात पोचेल. घंटी वाजली पाहिजे ती मुख्य घरात, रात्री कोणी झोपतं त्या खोलीत.