गरोदरपणातला विषाणूसंसर्ग: या चुका टाळा

आईच्या अंगातला विषाणू बाळापर्यंत पोचतो तो वारेतून, बाळंतपणाच्या वेळी रक्त-स्रावांतून, नाहीतर एचआयव्हीसारखा अंगावरच्या दुधातून. कुठला विषाणू कधी आणि कुठल्या वाटेने जातो हे न बघता धावपळ केली की गफलत होते.

सगळ्यात मोठा घोळ टॉर्च रिपोर्टचा, म्हणजे पोटातल्या बाळाला अपाय करू शकणाऱ्या रुबेलासारख्या संसर्गांच्या एकत्रित रक्ततपासणीचा. रुबेला (जर्मन गोवर) आयजीजी, म्हणजे रक्तात टिकून राहणारी प्रतिपिंडं, पॉझिटिव्ह दिसलं की घर हादरतं. खरं तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की पूर्वी लस घेतली आहे किंवा आजार होऊन गेला आहे. ही चांगली बातमी. आयजीएम (ताज्या संसर्गात आधी तयार होणारी प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह आलं तरी ते खोटं असू शकतं, किंवा जुन्या संसर्गानंतर महिनोन्‌महिने टिकलेलं. अशा वेळी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या आणि आयजीजी अ‍ॅव्हिडिटी (प्रतिपिंडं विषाणूला किती घट्ट चिकटतात याची तपासणी) करा. पहिल्या १२ आठवड्यांत ती जास्त आली, तर संसर्ग बहुधा दिवस राहण्याआधीचा. एका कागदावरून गर्भपात ठरवू नका. लक्षणं नाहीत, सोनोग्राफी ठीक, तरी पॅकेजमध्ये आहे म्हणून टॉर्च करणं आम्हाला पटत नाही.

रुबेलाची लस मात्र जिवंत विषाणूची. ती दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधी किंवा बाळंतपणानंतर घ्या, गरोदरपणात नाही.

२०२४च्या पावसाळ्यात पुण्यात एरंडवणे, मुंढवा भागांत झिका हा डासांतून पसरणारा विषाणू सापडला, गरोदर बायकांनाही. बहुतेकांना लक्षणंच नसतात. असली तर हलका ताप, पुरळ, लाल डोळे. ‘उतरला ताप’ म्हणून गप्प बसू नका. पहिल्या आठवड्यातच रक्त आणि लघवी दोन्ही तपासायला द्या, कारण लघवीत विषाणू बहुधा जास्त दिवस सापडतो. संसर्ग ठरला, तर विसाव्या आठवड्याची एक सोनोग्राफी चांगली आली म्हणून निर्धास्त होऊ नका. बाळाच्या डोक्याची खुंटलेली वाढ पुढेही दिसू शकते, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी सोनोग्राफी हवी. नवऱ्याला झिका झाला असेल तर बाळंतपणापर्यंत निरोध वापरा; वीर्यातूनही तो पसरतो. घरातल्या पिंपाचं पाणी नुसतं ओतून भागत नाही. डासाची अंडी पाण्याच्या रेषेजवळ कडेला चिकटतात, कोरडी पडली तरी जगतात. दर आठवड्याला कडा घासा.

हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूसंसर्गात चूक होते ती घड्याळाची. पहिल्या तिमाहीतला पॉझिटिव्ह रिपोर्ट फाइलीत राहतो, बाळंतपण रविवारी पहाटे होतं आणि इम्युनोग्लोब्युलिन (बाळाला द्यायची तयार प्रतिपिंडं) शोधायला माणसं मेडिकल पालथी घालतात. ३६व्या आठवड्यातच ते कुठे मिळेल हे ठरवून ठेवा. बाळाला १२ तासांच्या आत एका मांडीत लस, दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन. आईच्या रक्तात विषाणूंचं प्रमाण मिलीलीटरमागे २ लाख आययूच्या (मोजणीचं आंतरराष्ट्रीय एकक) वर असेल तर डॉक्टर साधारण २८व्या आठवड्यापासून आईला टेनोफोविर हे विषाणूविरोधी औषध सुरू करतात. दोन्ही इंजेक्शनं झाली की अंगावर पाजायला हरकत नाही.