गोव्याच्या हवेत सौर पॅनेलची चाचणी: कारखानदार, संशोधक आणि वीज खाते यांची सांगड कशी घालावी

पहिल्या बैठकीआधी एक कागद तयार ठेवा: निविदेचे कलम. अर्धवट, आकड्याची जागा रिकामी सोडलेले. उदाहरणार्थ, ‘किनाऱ्यापासून ५०० मीटरच्या आत बसवलेल्या पॅनेलची क्षमता ३ वर्षांत ___ टक्क्यांहून अधिक घटता कामा नये.’ ही जागा कोण भरणार, कशाने मोजून, आणि भरलेला आकडा कोण मान्य करणार, एवढ्याचसाठी सगळ्यांना एकत्र आणायचे आहे. कलमाशिवाय बसलात तर चहापाणी होते, सामंजस्य करार होतो आणि फाईल कपाटात जाते.

गोव्यात एक सोय आहे. इथे वीज वितरणाची वेगळी कंपनी नाही. सरकारचे वीज खातेच वीज घेते आणि घरोघर पुरवते. दर आणि नेट मीटरिंगचे (छपरावरची जादा वीज खात्याला देऊन बिलातून वळती करण्याचे) नियम मात्र गोवा व केंद्रशासित प्रदेशांसाठीचा संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो, म्हणून मसुदे हरकतींसाठी जाहीर होतात तेव्हा लक्ष ठेवावे लागते. खात्याकडून कार्यकारी अभियंता, गोवा ऊर्जा विकास संस्थेकडून एक अधिकारी, पॅनेल बसवणाऱ्या कंत्राटदारांकडून दोघे, आणि मोजमापाला एकच शिक्षणसंस्था: फर्मागुढीची आयआयटी, कुंकळ्ळीची एनआयटी, झुआरीनगरचे बिट्स किंवा ताळगावचे विद्यापीठ. दोन संस्था घेतल्या की उपकरणे कोणाची यावरच वर्ष जाते. नेमणूक पदाच्या नावाने करा. व्यक्तीच्या नावाने केली तर बदलीबरोबर कामही जाते.

करारात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात. पॅनेल कंपनीने धाडलेले नकोत, दुकानातून गिऱ्हाईक म्हणून विकत घेतलेले हवेत. धाडलेला माल निवडून काढलेला असू शकतो. कंपन्यांनी द्यायचे ते पैसे, आणि तेही सामायिक निधीत. निकाल छापण्याआधी ३० दिवस कंपनीला दाखवावा, आक्षेप लेखी घ्यावा, पण निकाल अडवायचा अधिकार कोणालाही देऊ नये.

जागा दोन पुरतात. एक समुद्राजवळ, दोनापावल किंवा मुरगावकडे, खाऱ्या वाऱ्यासाठी. दुसरी सांगे किंवा डिचोलीत, खनिजाच्या तांबड्या धुळीसाठी. प्रत्येक ठिकाणी चार प्रकारची तीन-तीन पॅनेल, दक्षिणेकडे तोंड करून १५ अंश कलती. प्रत्येक प्रकारचे आणखी एक पॅनेल कोरड्या, अंधाऱ्या खोलीत ठेवा. तुलना त्याच्याशी होते. याशिवाय पॅनेलच्याच प्रतलात प्रकाशमापक, पॅनेलच्या पाठीला तापमानाचा सेन्सर आणि दर मिनिटाची नोंद. प्रकाशमापकाची काच रोज पुसणारा माणूस आधी ठरवा. ती मळली की ऊन कमी नोंदले जाते आणि पॅनेल आहे त्याहून चांगले दिसते.

पहिले फ्लॅश टेस्टिंग, म्हणजे प्रयोगशाळेत ठरावीक प्रकाशाच्या झोतात क्षमता मोजणे, पॅनेल काही दिवस उन्हात ठेवून, क्षमता स्थिरावल्यावर करा. सुरुवातीची घट नाहीतर वार्षिक घटीत मिसळते. पुढे दरवर्षी त्याच प्रयोगशाळेत. चांगल्या पॅनेलची वार्षिक घट साधारण अर्धा ते एक टक्का, आणि फ्लॅश टेस्टची अनिश्चितता दोन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एका वर्षाच्या आकड्यातून काहीच सिद्ध होत नाही. मंत्रालयातून ‘अंतरिम निष्कर्ष’ मागितले जातील तेव्हा हेच दोन आकडे पुढे करा.

क्षमतेच्या आकड्यांची वाट पाहताना गंज आणि विजेची गळती मात्र पहिल्याच पावसाळ्यात दिसतात, म्हणून चवथीच्या सुमारास उघडीप मिळाली की पाहणी करा. ओल्या पॅनेलचा इन्सुलेशन रोध, म्हणजे वीज बाहेर गळू न देण्याची ताकद, मोजा: आयईसी ६१२१५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार क्षेत्रफळाने गुणून किमान ४० मेगाओहम-चौरस मीटर, म्हणजे अडीच चौरस मीटरच्या पॅनेलला १६ मेगाओहम. पावसाळ्यात इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारे यंत्र) सकाळी सुरू होत नाही आणि दुपारी ऊन पडल्यावर आपोआप चालू होतो, ही तक्रार आली तर इन्व्हर्टर बदलू नका. बहुतेक वेळा दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर, म्हणजे पॅनेलच्या तारा जोडणारे प्लग, एकमेकांत दाबून बसवलेले असतात, किंवा कनेक्टर कौलांवर, पागोळीच्या पाण्यात पडलेला असतो. पाणी आत जाते, गळती जमिनीकडे वाहते आणि इन्व्हर्टर स्वतःला अडवतो. अशा प्रत्येक तक्रारीत तारीख, वेळ आणि आदल्या रात्रीचा पाऊस लिहून ठेवा; या नोंदी कंत्राटदारांकडूनच मिळतात, आणि त्यासाठीच ते समितीत हवेत.

बोल्टांकडेही पाहा. खारट ओलाव्यात स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम यांची जणू बॅटरी होते आणि ॲल्युमिनियम झिजते. मध्ये ईपीडीएम रबराची चकती हवी.

एवढ्या नोंदींवर पहिल्या वर्षीच लहान कलम लिहिता येते. ‘किनारी दर्जाचे साहित्य’ असे लिहू नका, त्याचा अर्थ प्रत्येकजण सोयीने लावतो. असे लिहा: पॅनेलला आयईसी ६१७०१ खारे धुके चाचणीचे प्रमाणपत्र, त्यात चाचणीची तीव्रता नमूद, बोल्ट ३१६ दर्जाचे स्टेनलेस, लोखंडी सांगाड्यावर जस्ताचा थर किमान ८० मायक्रॉन, पुरवठ्याच्या दिवशी मापकाने तपासलेला, एका जोडणीतले दोन्ही कनेक्टर एकाच कंपनीचे. क्षमतेच्या घटीची रिकामी जागा तिसऱ्या वर्षापर्यंत रिकामीच राहू द्या. कलम वीज खात्याच्या निविदेत आधी घाला, ठेकेदारांच्या शंका येऊ द्या, शब्द पक्के झाल्यावर तेच भारतीय मानक ब्युरोच्या समितीकडे पाठवा. उलट क्रमाने गेलात तर मानक येईपर्यंत छपरावरचे बोल्ट गंजलेले असतील.