डिसेंबरच्या पावसात स्कीइंग: व्हँकूवरला नव्याने आलेल्या सोलापूरकरांसाठी

"जानेवारीपर्यंत थांबा, आत्ता वर नुसता राडा आहे," असं इथली जुनी मराठी मंडळी तुम्हाला सांगणार. त्यातले बरेचजण स्वतः कधी डोंगरावर नेणाऱ्या स्कीच्या लिफ्टला बसलेले नसतात. बाकीच्यांना गुडघाभर कोरड्या बर्फातले फोटो हवे असतात. नवशिक्याचं गणित वेगळं आहे. शून्याच्या थोडं वर तापमान असताना ओला बर्फ मऊ असतो, स्की फार पळत नाहीत आणि पाऊस बघून गर्दी घरी बसते. शिवाय जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला सोलापुरात जाणाऱ्यांच्या हाती नोव्हेंबर-डिसेंबरच तर उरतो!

पण आधी विमा. ब्रिटिश कोलंबियाचा सरकारी आरोग्य विमा, एमएसपी, उतरल्या दिवसापासून लागू होत नाही. आलात तो महिना संपावा लागतो आणि त्यापुढचे दोन पूर्ण महिने जावे लागतात. १० नोव्हेंबरला उतरलात तर १ फेब्रुवारी उजाडतो, म्हणजे नेमका हाच हंगाम उघड्यावर. "कंपनीने विमा दिलाय" म्हणून निर्धास्त राहू नका. तो बहुधा एमएसपीच्या वरचा जादा विमा असतो, त्याच्या बदल्यात नसतो. मधल्या काळासाठी खासगी पॉलिसी घ्या आणि तिच्यात स्कीइंग वगळलंय का ते वाचा. कळत नसेल तर कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर मागवा. सोलापूरहून भेटीला आलेल्या आई-बाबांना एमएसपी मिळतच नाही, त्यांच्या प्रवासी विम्यातही हेच कलम शोधा. सेवाभावी दिसणारी स्की पेट्रोलची, म्हणजे डोंगरावरच्या बचाव पथकाची माणसं तुम्हाला खाली दवाखान्यापर्यंत आणून सोडतील, त्यानंतरचं बिल तुमचं. स्कीच्या हद्दीच्या दोरीपलीकडे गेलात तर अनेक पॉलिसी हात वर करतात. हातात पॉलिसी नसेल तर लिफ्टचं तिकीट काढू नका. एवढं एक ऐकलंत तरी पुष्कळ झालं.

आता हवामान. शहरातलं तापमान बघून काही कळत नाही, फ्रीझिंग लेव्हल बघायची, म्हणजे किती उंचीवर तापमान शून्य होतं ते. बर्फाचे कण पडता पडता वितळायला वेळ लागतो, म्हणून हिमवर्षाव त्या रेषेच्या साधारण दोनतीनशे मीटर खालपर्यंत होतो. व्हिसलर या मोठ्या स्की रिसॉर्टचं गाव ६७५ मीटरवर, डोंगरावरचं राउंडहाउस लॉज सुमारे १,८५० वर आणि शिखर २,१८२ वर. फ्रीझिंग लेव्हल १,८०० असेल तर गावात धो धो पाऊस आणि राउंडहाउसला बर्फ, म्हणजे जायला हरकत नाही. २,५०० असेल तर शेंड्यापर्यंत पाऊस, त्या दिवशी घरी बसून पिठलं करा. ग्राउस, सायप्रस, सीमूर हे शहराजवळचे डोंगर हजार ते साडेचौदाशे मीटरच्या पट्ट्यातले, त्यामुळे उबदार वाऱ्यात आधी तेच उघडे पडतात. २०१० च्या ऑलिंपिकला सायप्रसवर ट्रकने आणि हेलिकॉप्टरने बर्फ आणून टाकावा लागला होता. बर्फ करायची यंत्रं आहेत की, असं म्हणाल. ओल्या हवेत ती शून्याला चालत नाहीत, वेट-बल्ब तापमान (हवेतला ओलावा धरून मोजलेलं) उणे दोनच्या खाली लागतं. थंडीत एकदा करून ठेवलेला तो घट्ट बर्फ मात्र पावसातही टिकतो, म्हणून सुरुवातीला यंत्राच्या बर्फाचेच रन, म्हणजे स्कीचे उतार, धरा.

आणि हे लक्षात घ्या: पाऊस तितका वाईट नाही, पावसानंतरची निरभ्र थंड सकाळ वाईट. रात्रीत सगळं गोठतं आणि उतार फरशीसारखा होतो. जुने लोक निळं आकाश बघून पहाटे निघतात. तुम्ही अकराला पोचा.

कपड्यांत जॅकेटपेक्षा पँट महत्त्वाची. चेअरलिफ्टच्या ओल्या सीटवर दहा दहा मिनिटं बसायचं असतं आणि पाणी तिथूनच शिरतं. टॅगवर पाणी रोखण्याची क्षमता २०,००० मिलिमीटर आणि 'सगळ्या शिवणी टेप केलेल्या' असं असेल तेच घ्या. १०,००० चा माल कोरड्या थंडीपुरता ठीक. कापडावर पाण्याचे थेंब मोत्यासारखे न थांबता पसरायला लागले की वरचा लेप गेला. मग घाम आतच कोंडतो आणि माणूस कुडकुडतो. तांत्रिक कपड्यांच्या साबणात धुऊन ड्रायरमध्ये मंद आचेवर फिरवा, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. पिसांचं फुगीर जॅकेट इथे कामाचं नाही, भिजलं की चिपाड. आत मेरिनो लोकरीचं थर्मल, वर फ्लीस. जीन्स आणि सुती बनियन घालून येणारा आपला माणूस दर वीकेंडला एक तरी दिसतोच. हातमोजे तीन जोड न्या. त्यातला एक मासेमारीच्या सामानाच्या दुकानातला, अस्तर असलेला रबरी. दिसायला गबाळा, पण हात कोरडे राहतात. गॉगलची काच पिवळी किंवा गुलाबी. आतून पुसायची नाही, नुसतं टिपायचं, आणि गॉगल कपाळावर सरकवून ठेवायचा नाही.

स्की विकत घेऊ नका. नोव्हेंबरच्या सेलमध्ये अख्खा सेट घेणारे पहिल्याच दिवशी दगडावर तळ चिरून घेतात. पातळ बर्फाखाली खडक, खोडं, ओढे असतात. भाड्याने घ्या आणि नुकसानीचं संरक्षण घ्या. दुकानदार वजन, उंची, वय आणि तुमची पातळी विचारतो, त्यावरून बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, किती घट्ट ते ठरतं. तिथे फुशारकी नको. ओल्या जड बर्फात स्की अडकते, शरीर सावकाश पिळतं आणि घट्ट बाइंडिंग सुटलं नाही तर गुडघ्याचं लिगामेंट जातं. बूट बाइंडिंगमध्ये घालण्याआधी तळव्याला चिकटलेला बर्फ काठीच्या टोकाने खरवडून काढा, दरवेळी. तो गोळा राहिला की बूट नीट बसत नाही आणि सुटायच्या वेळी सुटत नाही. शून्यावरच्या तापमानाचं वॅक्स लावून मागा. नाहीतर सपाट जागी पाण्याचा थर स्कीला खाली ओढून धरतो आणि तुम्ही अचानक पुढे कोलमडता. खिशात चोळायचं वॅक्स ठेवा, ते दोनतीन रनच टिकतं.

वळताना दोन्ही पायांवर सारखं वजन, पाय जवळ, वळण लांब. धुकं आलं की झाडांच्या कडेचा रन धरा, उघड्या माळावर वरखाली कळत नाही. पण झाडाच्या बुंध्याशी जाऊ नका, तिथला बर्फ पोकळ असतो. खालचे उतार उघडे पडले असतील तर गोंडोलाने (बंद डब्याच्या लिफ्टने) खाली या, त्यात कमीपणा नाही.

व्हिसलरला जाणाऱ्या हायवे ९९ वर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च विंटर टायर सक्तीचे, खाच किमान ३.५ मिलिमीटर. जमलं तर बसने जा.

डब्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणी उत्तम. भाकरी झिपच्या पिशवीत ठेवा, ओलाव्याने मऊ पडते. पोरांच्या स्की स्कूलच्या डब्यात मात्र शेंगा चटणी देऊ नका, इथे शेंगदाण्याच्या ॲलर्जीबाबत फार कडक असतात. येताना चादरींनी बॅग भरू नका, गाडीसाठी एक पुरे. त्यापेक्षा सोलापुरी टर्किश टॉवेल जास्त आणा. संध्याकाळी स्कीच्या एज, म्हणजे कडेच्या लोखंडी धारा, त्याने कोरड्या केल्या नाहीत तर सकाळपर्यंत गंज धरतो. बुटाचं आतलं अस्तर बाहेर काढून पंख्यासमोर ठेवा. हीटरला टेकवलंत तर आकार बिघडतो आणि भाड्याच्या दुकानात भरपाई द्यावी लागते.